अंडाशयाचं वय: परळच्या संशोधनाचा आढावा

६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात हर्षाचा जन्म झाला आणि तो घडवून आणणाऱ्या डॉ. इंदिरा हिंदुजा यांचं नाव महाराष्ट्राच्या घराघरात पोहोचलं. ‘टेस्ट ट्यूब बेबी’ हा शब्दही तेव्हाच मराठीत रुळला. पण या शब्दामुळे लोकांच्या डोळ्यांसमोर काचेचं भांडं राहिलं आणि ज्या अवयवावर सगळं काम चाललं होतं तो नजरेआड झाला. हिंदुजांच्या कारकिर्दीतले तीन टप्पे एकापुढे एक ठेवून पाहावेत. १९८६ साली शरीराबाहेर फलन झालेल्या गर्भातून हर्षा जन्मली. ४ जानेवारी १९८८ रोजी ‘गिफ्ट’ पद्धतीने, म्हणजे स्त्रीबीज आणि शुक्राणू थेट गर्भनलिकेत सोडून, झालेल्या गर्भधारणेतून देशातलं असं पहिलं मूल जन्मलं. २४ जानेवारी १९९१ रोजी, जिचे अंडाशय अकाली थांबले होते अशा स्त्रीला दुसरीच्या स्त्रीबीजातून मूल झालं. पहिला टप्पा सगळ्यांच्या लक्षात आहे आणि तिसरा फारसा कुणाच्या नाही. माझ्या मते या कारकिर्दीची सर्वांत मोठी शिकवण तिसऱ्या टप्प्यात आहे. स्त्रीच्या प्रजननाची मर्यादा मुख्यतः अंडाशय ठरवतो, आणि त्या अवयवाविषयी आपल्या समाजाला, बाजाराला आणि पुष्कळदा दवाखान्यालाही पुरेशी आस्था नाही. परळच्या कामाचा आढावा घ्यायचा तो या अंगाने.

१९८६ च्या यशामागे दोन शेजारी संस्था होत्या. केईएममध्ये रुग्ण आणि शस्त्रक्रियागृह, तर लागूनच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची ‘इन्स्टिट्यूट फॉर रिसर्च इन रिप्रॉडक्शन’. तिचे तेव्हाचे संचालक डॉ. टी. सी. आनंदकुमार, सोबत चंदर पुरी, के. गोपालकृष्णन यांच्यासारखे संप्रेरकं आणि शुक्राणू यांचे अभ्यासक. ही शेजारधर्माची सोय फार मोलाची होती, कारण फलन घडवण्यापेक्षा पिकलेलं बीज वेळेवर हाती येणं जास्त कठीण असतं. एका पाळीत एरवी एकच फॉलिकल, म्हणजे बीज धरणारा कोश, पूर्ण वाढतो. औषधं देऊन तीन-चार वाढवले, तरी ते कधी पिकतील हे बाहेरून समजत नाही. मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एलएच हे संप्रेरक एकदम उसळतं आणि त्यानंतर साधारण ३६ तासांनी बीज बाहेर पडतं. त्याआधी घाई केली तर बीज कच्चं मिळतं आणि उशीर झाला तर फॉलिकल रिकामा सापडतो. म्हणून रक्त-लघवीतल्या संप्रेरकांची मोजणी, सोनोग्राफी आणि शस्त्रक्रियेची वेळ यांचा मेळ तासांच्या हिशेबाने घालावा लागतो. फॉलिकलमधून ओढलेलं पिवळसर पाणी तबकडीत ओतलं की सूक्ष्मदर्शकाखाली शोध सुरू होतो. बीज असतं मिलिमीटरच्या जेमतेम एक दशांशाएवढं. त्याच्याभोवती पेशींचा चिकट, विरळ पुंजका असतो आणि बीज सापडतं ते बहुधा या पुंजक्यामुळेच. पुंजका पसरट आणि सैल झालेला असेल तर बीज पिकलेलं, घट्ट आवळलेला असेल तर अजून कच्चं. अंडाशय वाचण्याची ही विद्या परळमध्ये उभी राहिली, म्हणून पुढचं सगळं शक्य झालं.

इथे पहिला आक्षेप समोर येतो आणि तो रास्त आहे. हर्षाला देशातली पहिली टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात, पण तो मान मुंबईचा नव्हे. कोलकात्याच्या डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नांतून ३ ऑक्टोबर १९७८ रोजी, इंग्लंडमधल्या लुईस ब्राऊनच्या जन्मानंतर ७० दिवसांनी, दुर्गा जन्मली होती. पश्चिम बंगाल सरकारच्या समितीने त्यांचा दावा धुडकावला, परदेशी परिषदेला जाण्याची वाट सरकारने अडवली, आणि १९ जून १९८१ रोजी त्यांनी आत्महत्या केली. आनंदकुमारांनी १९९७ साली मुखर्जींची टिपणं स्वतः तपासली आणि पहिलेपणाचा मान त्यांचाच आहे असं ‘करंट सायन्स’मध्ये लिहिलं. ज्या यशात स्वतःचा वाटा होता, त्याचा मुकुट त्यांनी आपण होऊन उतरवून ठेवला. आपल्या विज्ञानाच्या इतिहासात असा प्रामाणिकपणा क्वचित दिसतो, आणि मराठी वाचकाला तो हर्षाच्या जन्माइतकाच ठाऊक असायला हवा. पण मुखर्जींचं पहिलेपण मान्य केल्याने परळच्या कामाचं वजन घटत नाही. नोंदी, मोजणी आणि पुन्हा पुन्हा करून दाखवता येणारी पद्धत परळने उभी केली. शिवाय मुखर्जींची कल्पकताही अंडाशयापाशीच होती. इंग्लंडमध्ये एडवर्ड्स आणि स्टेप्टो या संशोधकांनी लुईसच्या वेळी नैसर्गिक पाळीतलं एकच बीज घेतलं होतं. मुखर्जींनी गोनॅडोट्रोपिन हे संप्रेरक देऊन अंडाशयाला चालना दिली आणि गर्भ गोठवून नंतरच्या पाळीत सोडला. आज जगभर नेमकं हेच केलं जातं.

दुसरा आक्षेप लोकसंख्येचा. ज्या देशाने कुटुंबनियोजनासाठी इतका आटापिटा केला, त्याने वंध्यत्वावर पैसा का घालावा? परळच्या संस्थेचं मूळच पन्नाशीच्या दशकातल्या गर्भनिरोधक तपासणी विभागात आहे, त्यामुळे हा प्रश्न तिला जन्मापासून चिकटलेला. उत्तर विज्ञानातच आहे. गोळी गर्भ रोखते ती बीज बाहेर पडणं थांबवून, आणि वंध्यत्वाचा उपचार होतो तो बीज बाहेर काढून. दोन्हींना लागणारं ज्ञान एकच. अंडाशय समजल्याशिवाय पाळणा लांबवताही येत नाही आणि हलवताही येत नाही. आणि आजचा महाराष्ट्र १९५० चा राहिलेला नाही. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्याचा एकूण जननदर १.७ आला, म्हणजे लोकसंख्या आहे तेवढी राखायला लागणाऱ्या २.१ च्या बराच खाली. मूल न होण्याचा बोल मात्र अजून बाईलाच लागतो, दोष पुरुषाच्या शुक्राणूंत असला तरीही. या दुःखाला ‘लोकसंख्या फार आहे’ हे उत्तर देणं निष्ठुरपणाचं आहे.

आता १९९१ कडे येऊ. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्या अंडाशयांत ६० ते ७० लाख बीजपेशी असतात. जन्माच्या वेळी १० ते २० लाख उरतात, पाळी सुरू होताना ३ ते ४ लाख. आयुष्यभरात बाहेर पडतात ती चारशे-पाचशे, बाकीची आपोआप विरून जातात, आणि हजारभर शिल्लक राहतात तेव्हा पाळी थांबते. हा साठा गर्भारपणात, स्तनपानात किंवा गोळ्या घेत असतानाही झिजतच असतो. संख्येइतकंच महत्त्व गुणाला आहे. बीजाने आपल्या गुणसूत्रांची वाटणी मुलीच्या जन्माआधी सुरू करून अर्ध्यावर थांबवलेली असते आणि तिचा पहिला टप्पा पुरा होतो तो बीज बाहेर पडण्याच्या सुमारास. चाळिशीतल्या बाईचं बीज चाळीस वर्षं त्या अवस्थेत थांबलेलं असतं. गुणसूत्रांना जोडून धरणारी प्रथिनं तोवर सैल पडतात, वाटणी चुकते, गर्भ रुजत नाही, रुजला तर पडतो, किंवा बाळात डाऊन सिंड्रोमसारखा दोष येतो. पण हे वय बीजाचं की गर्भाशयाचं? स्त्रीबीजदानाने याचा निकाल लावला. ऑस्ट्रेलियात १९८४ साली मोनाश विद्यापीठाच्या गटाने, अंडाशय थांबलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन देऊन दुसरीच्या बीजाचा गर्भ वाढवता येतो हे दाखवलं. १९९० साली अमेरिकेत सॉअर, पॉल्सन आणि लोबो यांनी चाळिशी ओलांडलेल्या स्त्रियांना तरुण दात्यांची बीजं दिली, तेव्हा त्यांना तरुण स्त्रियांइतकंच यश आलं. पुढल्याच वर्षी मुंबईने आपल्याकडे हे करून दाखवलं. पुण्याने त्याचा आणखी एक पुरावा दिला. मे २०१७ मध्ये गॅलेक्सी केअर रुग्णालयात डॉ. शैलेश पुणतांबेकरांच्या पथकाने एका तरुणीला तिच्या आईचं गर्भाशय बसवलं आणि ऑक्टोबर २०१८ मध्ये तिला मुलगी झाली. ज्या गर्भाशयात ती स्वतः वाढली त्यातच, तिच्या स्वतःच्या तरुण बीजातून, तिची लेक वाढली. गर्भाशय आधीच्या पिढीचं चालतं, बीज चालत नाही.

भारतीय स्त्रीला हे अधिक लागू आहे. आपल्याकडे पाळी सरासरी ४६-४७ व्या वर्षी थांबते, पाश्चात्त्य देशांत ५१ च्या आसपास. २०१४ साली स्पेन आणि भारतातल्या वंध्यत्वावर उपचार घेणाऱ्या स्त्रियांची तुलना झाली. भारतीय स्त्रियांच्या अंडाशयातला साठा त्यांच्याहून सुमारे सहा वर्षांनी मोठ्या स्पॅनिश स्त्रियांइतका दिसला. पाश्चात्त्य पुस्तकातला ३५ वर्षांचा इशारा आपल्या बायकांना वाचून दाखवणारा डॉक्टर त्यांना उशिरा सावध करत असण्याची शक्यता यातून समोर येते. ही तुलना उपचाराला आलेल्या स्त्रियांची होती, सगळ्या समाजाची नव्हे, ही तिची मर्यादा खरी आहे. नेमकी म्हणूनच आपल्या स्त्रियांची स्वतंत्र मोजणी हवी, आणि ती परळसारख्या सरकारी संस्थेनेच करायला हवी.

माझ्या म्हणण्यावरचा सर्वांत गंभीर आक्षेप मात्र खुद्द परळमधूनच आला. जन्मानंतर नवी बीजं तयार होत नाहीत, हा झुकरमन या शास्त्रज्ञाने १९५१ साली मांडलेला सिद्धांत. २००४ साली अमेरिकेत जोनाथन टिली यांनी उंदरांवरील प्रयोगांतून त्याला आव्हान दिलं आणि अंडाशयात मूलपेशी असतात असं सांगितलं. परळच्या संस्थेतल्या डॉ. दीपा भारतीय यांनी ही वाट पुढे नेली. प्रौढ सस्तन प्राण्यांच्या आणि स्त्रियांच्या अंडाशयाच्या पृष्ठभागावर अतिसूक्ष्म, भ्रूणपेशींसारख्या मूलपेशी आहेत आणि त्यांच्यापासून बीजासारख्या रचना बनतात, असं त्यांच्या गटाने २०११ पासून अनेक निबंधांत मांडलं. या पेशी इतक्या लहान असतात की नेहमीच्या वेगाने नमुना यंत्रात फिरवला तर त्या वरच्या पाण्यात राहतात आणि फेकल्या जातात, हा त्यांचा मुद्दा विचार करायला लावणारा आहे. पण पुरावा आजवर त्यांच्या बाजूने झुकलेला नाही. स्वीडनमध्ये कुई लिऊ यांच्या गटाने २०१२ साली उंदरांच्या पेशींचा वंश रंगखुणांनी तपासला, तेव्हा नवी बीजं देणाऱ्या पेशी सापडल्या नाहीत. २०२० साली स्टॉकहोमच्या संशोधकांनी मानवी अंडाशयाच्या हजारो पेशी एकेक करून वाचल्या आणि ज्यांना मूलपेशी म्हटलं जात होतं त्या रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेशी निघाल्या. माणसात अशा पेशीपासून मूल झाल्याची निर्विवाद नोंद नाही. तरीही प्रस्थापित मताला प्रश्न विचारणारं काम सरकारी प्रयोगशाळेत वर्षानुवर्षं होऊ शकलं याचं मोल मी कमी लेखत नाही, कारण विरोधी मताचा गळा आवळल्यावर काय होतं ते मुखर्जींच्या कहाणीत दिसलंच आहे. माझी हरकत वेगळीच आहे. प्रयोगशाळेत वाद सुरू असताना ‘अंडाशय पुन्हा तरुण करू’ म्हणून इंजेक्शनं विकली जातात आणि चाळिशीतल्या हताश बायका पैसे मोजतात. सिद्ध न झालेली गोष्ट संशोधन म्हणून करावी, रुग्णाकडून पैसे न घेता करावी आणि निकाल काहीही आला तरी छापावा.

बाजाराची दुसरी तऱ्हा म्हणजे एएमएच ही रक्ततपासणी. लहान फॉलिकलमधल्या पेशी हे संप्रेरक सोडतात, म्हणून त्यावरून साठ्याचा अंदाज येतो. औषधांना अंडाशय किती दाद देईल हे ती बऱ्यापैकी सांगते. पण मूल होईल की नाही हे ती सांगत नाही. २०१७ साली ‘जामा’त आलेल्या अभ्यासात वंध्यत्वाची तक्रार नसलेल्या, ३० ते ४४ वयाच्या स्त्रियांमध्ये एएमएच कमी असूनही नैसर्गिक गर्भधारणेचं प्रमाण घटलेलं दिसलं नाही. आकडा कमी आला म्हणून तिशीच्या बाईला घाबरवून आयव्हीएफकडे, म्हणजे शरीराबाहेरच्या फलनाकडे, ढकलणं हा तिच्यावर अन्याय आहे. उलट पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) असलेल्या मुलींत हाच आकडा जास्त येतो, आणि तो सुपीकपणाचा दाखला नसतो. पीसीओएसवर योग सुचवला जातो, म्हणून इथे लोणावळ्याचं नाव घ्यायला हवं. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली तिथे कैवल्यधाम उभारलं ते योगाचे परिणाम उपकरणांनी मोजण्यासाठी. अशीच मोजणी इतरत्रही झाली: आंध्रातल्या पीसीओएस असलेल्या किशोरींवर झालेल्या चाचणीत बारा आठवड्यांच्या योगाने टेस्टोस्टेरॉन आणि एलएच साध्या व्यायामापेक्षा जास्त उतरले. ही उपयोगी गोष्ट आहे. पण कुठलंही आसन साठ्यात एका बीजाची भर घालत नाही, आणि तसं सांगणारा कुवलयानंदांच्या शिस्तीशी विसंगत बोलतो.

स्त्रीबीजदानाची काळी बाजूही आहे. देणारी बहुधा गरीब, घेणारी पैसेवाली. अंडाशयाला जादा औषध दिलं तर तो सुजतो, पोटात पाणी होतं, क्वचित जिवावर बेततं. २०२१ च्या सहायक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने दात्याचं वय २३ ते ३५ ठरवलं, आयुष्यात एकदाच दान आणि सातपेक्षा जास्त बीजं काढायची नाहीत असा नियम केला. घेणाऱ्यांना हा आकडा तुटपुंजा वाटतो. मला तो योग्य वाटतो, कारण बीज देणाऱ्या बाईच्या बाजूने बोलणारं दुसरं कुणी नसतं. कायद्याची खरी परीक्षा तपासणीत आहे, आणि ती जिल्ह्या-जिल्ह्यांत व्हायला हवी.

आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळातल्या गावांना या सगळ्याचा उपयोग काय, असं कुणी विचारील. मोठी केंद्रं मुंबईत आणि पुण्यात, मावळ दोहोंच्या मध्ये. जोडपं तिथवर पोहोचतं तोवर देवदेव, वैदू, ‘अजून वर्षभर वाट पाहा’ यांत वर्षं गेलेली असतात, आणि अंडाशयाच्या हिशेबात गेलेलं वर्ष परत येत नाही. वीर्याची तपासणी, थायरॉइड, पाळीचा नीट लिहिलेला इतिहास, क्षयाची शंका, सोनोग्राफी एवढं तळेगावच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा तालुक्याच्या पातळीवर होऊ शकतं. आपली स्वतंत्र मोजणी होईपर्यंत निदान एवढं तरी व्हावं: बाई पस्तिशीच्या आत असेल तर प्रयत्नांच्या एका वर्षानंतर, पुढे असेल तर सहा महिन्यांनी ही तपासणी व्हावी, आणि नवऱ्याची पहिल्याच दिवशी. यावर म्हणतात, वयाचं सांगितलं की लोक पोरींची लग्नं आणखी लवकर उरकतील. भीती खोटी नाही. पाचव्या सर्वेक्षणानुसार राज्यातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालं होतं. पण विज्ञान अशा लग्नाला काडीचाही आधार देत नाही. बीजाचा गुण विशीत उत्तम असतो आणि तिशीच्या सुरुवातीपर्यंत बराच टिकतो. मुलीचं शिक्षण आणि नोकरी यांना त्यात पुरेशी जागा आहे.

आणि अंडाशय फक्त मुलांसाठी नसतो. त्याचं इस्ट्रोजेन हाडं, रक्तवाहिन्या, झोप, मूत्रमार्ग यांना पाळी थांबेपर्यंत आधार देतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने पाहणी केली. ८२ हजारांहून अधिक बायकांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, त्यांतल्या कित्येक चाळिशीच्याही आतल्या. पिशवीबरोबर दोन्ही अंडाशय काढले की त्याच दिवशी रजोनिवृत्ती येते. अमेरिकेत २९ हजारांहून अधिक परिचारिकांचा २४ वर्षं पाठपुरावा झाला. पिशवीसोबत दोन्ही अंडाशय काढलेल्यांना स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग कमी झाला, पण हृदयविकार आणि एकूण मृत्यू जास्त दिसले. म्हणजे कर्करोगाचा आनुवंशिक धोका असेल तर काढणं शहाणपणाचं, नाही तर ठेवणं. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्याची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांना तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. अंडाशयाविषयी जे कळलं आहे ते या तत्त्वांच्याच बाजूने बोलतं. म्हणून कामशेत, वडगाव, लोणावळा, कुठेही डॉक्टरांनी ‘पिशवी काढून टाकू’ म्हटलं, तर सही करण्याआधी बाईने आणि तिच्या माणसांनी तीन गोष्टी विचाराव्यात: औषधाने भागणार नाही का, अंडाशय ठेवणार की काढणार, आणि काढणार असाल तर कशासाठी. उत्तर कागदावर लिहून मागावं आणि दुसऱ्या डॉक्टरला दाखवावं.